बोटांनी खेळायचा पाट

सगुणा, परवा तुझी तेरवी झाली. बाळापूरहून आलेली माझी बहीण जाताना मला बजावून गेली, "दादा, आता तिच्याशी बोलणं सोड. मेलेल्या माणसाशी बोललं का त्याचा पाय घरात अडकते." मी मान हलवली. तिची गाडी वळणाआड गेली आणि मी घरात येऊन कागद काढला. अडकला तुझा पाय तर अडकू दे. मला बोलायचं आहे. एरवी माझ्या चार वाक्यांनंतर तू "खरं सांगा" म्हणून अडवायचीस. आता अडवायला तू नाहीस, तर ते कामही मलाच करावं लागणार.

तू कोणाची लेक, तुझं माहेर कोणतं, लग्नाला किती वर्षं झाली, ते सगळं तेरवीला आलेल्यांनी सांगून झालं. आंधळी असून घर कसं चालवलं, हे तर चार जणांनी चार वेळा सांगितलं. तू ऐकलं असतंस तर म्हणाली असतीस, "आंधळी असून भाकर खाल्ली, हेबी सांगा मंग." तुझ्या सारीपाटाबद्दल मात्र कोणी अक्षर काढलं नाही. जिच्याकडं तू रोज खेळायला जायचीस ती हमीदाबी ओसरीच्या खाली, पायरीपाशी बसून होती.

देवी आल्या तेव्हा आपली काशी चार वर्षांची होती. आधी तिला आल्या, दोन दिवसांनी तुला. तू आतल्या खोलीत कडुनिंबाच्या डहाळ्यांमध्ये पडलेली, डोळे सुजून मिटलेले. काशी बाहेरच्या खोलीत माझ्याजवळ. तुला ताप चढल्याच्या दुसऱ्या दिवशी ती गेली. वैद्य म्हणाले, आत्ता हिला सांगाल तर हीसुद्धा जाईल. मी तुझ्या उशाशी बसलो आणि सांगितलं, काशीला आत्यानं बाळापूरला नेलं, तिला बरं वाटतंय.

पुढचे नऊ दिवस तू तेवढंच विचारत होतीस. जेवली का, रडते का, माझी आठवण काढते का. मी सांगत होतो, जेवते, खेळते, आत्याच्या शेळीमागं पळते. आत्याकडे शेळी नव्हती. ती मी मनानं आणून बांधली होती. तू म्हणालीस, "तिले जांभळ्या बांगड्या पाठवा, लय दिसापासून मागून राहिली." मी म्हणालो, पाठवल्या. दहाव्या दिवशी तुझा ताप उतरला, सूज ओसरली, डोळे उघडले, आणि दिसलं काहीच नाही. दुसरी कोणी असती तर आधी डोळ्यांसाठी आकांत केला असता. तू विचारलंस,

"शेळी कोन्या रंगाची हाय?"

मला रंग सुचला नाही. एवढी साधी गोष्ट, काळी म्हणायचं, नाहीतर पांढरी. मी एक क्षण थांबलो आणि तेवढ्यात तुला सगळं कळलं. तू रडली नाहीस. म्हणालीस, "मले दिसत नाई म्हून तुमी मले काईबी सांगसान काय?" नंतर दोन महिने तू माझ्याशी कामापुरतंच बोललीस.

त्या वर्षापासून कापसाला कुणी पाहिला नव्हता असा भाव आला. लोक म्हणत, समुद्रापलीकडे कुठल्यातरी मुलखात लढाई जुंपली आहे, म्हणून इंग्रजाला आपला कापूस हवा. ज्याच्या वावरात कालपर्यंत ज्वारी होती त्यानंही कापूस पेरला. अमरावतीच्या बाजारात पहाटेपासून गाड्यांची रांग लागायची. मी काट्यावरचा मापारी. कापसाचं वजन करायचं आणि मोठ्यानं पुकारायचं, एवढंच माझं काम. पहिलं माप टाकताना एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार. आवाज दिवसभर चालायचा. वजन खरं पुकारतो असं माझं नाव होतं, आणि ते नाव खोटं नव्हतं. एका छटाकाचाही फरक मी कधी पुकारला नाही. हे तुला माहीत होतं, म्हणून पुढं जे झालं ते तुला जास्त लागलं.

मला कुणीतरी सांगितलं, अकोल्याला डोळ्यांत सुई घालून पडदा बाजूला करणारा एक माणूस आला आहे. आपण गाडी जोडून गेलो. अकोल्याजवळ आगगाडीच्या रस्त्यासाठी मातीचे ढीग टाकले होते. बायामाणसं टोपल्या वाहत होती, आणि तू मला विचारत होतीस, हा कसला आवाज, तो कसला आवाज. त्या माणसानं तुझ्या पापण्या वर केल्या, दिवा जवळ नेला, आणि मला म्हणाला, "पडदा असता तर काढला असता. इथं बुबुळच राहिलं नाही." तो हळू बोलला होता. तू ऐकलंस.

परत सराईत आलो. दुपारचं ऊन होतं. अंगणात लिंबाखाली दोन गाडीवान खेळत बसले होते. तू भिंतीला टेकून बसली होतीस. अचानक मान उचललीस.

"सारीपाट खेळून राहिले काय वो?"

"हो. तुले कसं समजलं?"

"कवड्या वाजून राहिल्या. सात हायत."

मग तू मला विचारलंस, कोणाची सोंगटी कुठं आहे. मी सांगत गेलो. लग्नानंतरची पहिली तीन-चार वर्षं आपण पावसाळ्यात रोज खेळायचो, आठवतं? दहातले सात डाव तू जिंकायचीस. काशी झाल्यावर पाट पेटीत गेला होता. तू थोडा वेळ ऐकत राहिलीस आणि मग त्यातल्या एका गाडीवानाला म्हणालीस, "भाऊ, तांबडी पुढं नेऊ नका. मागून पिवळी येऊन मारते तुमाले." तो हसला. त्यानं तांबडी पुढं नेली. दोन दानांत पिवळीनं ती मारली. मग कोणी हसलं नाही. पुढच्या दानाला त्यानं कवड्या टाकल्या, पाहिल्या, आणि तुझ्याकडं तोंड करून विचारलं, "बाई, पाच पडले. आता काय करू?"

तू सांगितलंस. तो जिंकला.

परतीच्या गाडीत तू पदर तोंडावर ओढून बसलीस. मला वाटलं, बुबुळ गेल्याचं दुःख आहे. मूर्तिजापूर मागं पडलं तेव्हा म्हणालीस, "आपला पाट कोठी हाय?"

पाट काढला, पण तो कापडाचा. घरं रंगानं काढलेली, बोटाला सगळं एकच. तू जाड सुतळी घेतलीस आणि एकेक घर माझ्याकडून बोट धरून दाखवून घेत त्याच्या कडेनं शिवलंस. शहाण्णव घरं. ज्या घरात सोंगटी मारता येत नाही त्या फुलीच्या घरात गाठ मारलीस. पंधरा दिवस लागले, बोटं सुयांनी भोसकून निघाली. आणि पहिल्याच डावात ते सगळं वाया गेलं. कोणती सोंगटी कुठं आहे हे पाहायला तू हात फिरवलास की सोंगट्या पडायच्या. त्या पडल्या की मी पुन्हा मांडायचो, आणि मी बरोबर मांडल्या का हे तुला कळायला मार्ग नव्हता. तिसऱ्या वेळी पडल्या तेव्हा तू पाट गोळा करून भिंतीवर फेकलास.

मार्ग काढला तो हमीदाबीनं. आपल्या गल्लीच्या टोकाला उस्मान खराडी राहायचा, लाकूड कातून सरकी काढायच्या रेच्याचे रूळ करणारा. हमीदाबी त्याची आई. तिची नजर पाळण्यात असतानाच गेलेली. साठी उलटलेली ती बाई दिवसभर रेचा फिरवायची आणि सरकी वेगळी पडली की नाही ते नुसत्या आवाजावरून ओळखायची. तू तिच्याकडं कापूस घेऊन गेली होतीस आणि बोलता बोलता पाटाचं दुखणं सांगितलंस. ती म्हणाली, "बेटी, सोंगटीले पाय दे. पाय नाई तं ते उभी कशी राहीन?"

उस्माननं सागाची फळी घेतली आणि तिच्यात शहाण्णव भोकं पाडली. फुलीच्या घराभोवती बोटाला लागेल अशी खाच कोरली. सोंगट्यांना खुंट्या केल्या, म्हणजे त्या भोकात घट्ट बसतील, वरून हात फिरवला तरी हलणार नाहीत. डोकी चार तऱ्हेची केली, एक गोल, एक टोकदार, एक चपटी, एक मधे चिरलेली. फळी घरी आणली त्या दिवशी तू तिच्यावरून हात फिरवत राहिलीस. मी स्वयंपाकघरात जाऊन भाकरी थापल्या, वेड्यावाकड्या, आणि तुला ताट दिलं तरी तुझा डावा हात फळीवरच होता.

हमीदाबीला तू शिकवलंस. पहिल्यांदा ती जिंकली तेव्हा मी तिथं होतो. तिनं शेवटची सोंगटी घरात खोचली, तिच्यावर तळवा ठेवला आणि तशीच बसून राहिली. तू विचारलंस, काय झालं. ती म्हणाली, "काई नाई. मले कधी कोनी खेळाले घेतलंच नव्हतं. लहानपनी सगळे खेळाचे, मी आयकाची."

घरी आपण दोघं खेळायचो, संध्याकाळी मी काट्यावरून आलो की. सोंगट्या तू स्वतः हलवायचीस. कवड्यांचं काय करायचं हे मात्र राहून गेलं होतं. सात कवड्या परातीत टाकायच्या, जेवढ्या उताण्या पडतील तेवढी घरं चालायचं, हा आपल्या घरचा साधा नियम. पण चाचपायला गेलं की कवडी उलटते. म्हणून दान मी पुकारायचो. तुझंही आणि माझंही.

पहिला खोटा आकडा मी कधी पुकारला ते मला आठवतं. तुला तीन हवे होते, पडले दोन. तुझा चेहरा पाटावर वाकलेला होता. देवीच्या व्रणांनी भरलेला तो चेहरा मी त्या वर्षात कधी इतका मोकळा पाहिला नव्हता. मी म्हणालो, तीन. तू माझी सोंगटी मारलीस आणि हसलीस. काशी गेल्यापासून पहिल्यांदा. मग मला थांबता आलं नाही. चार महिने मी तुला जिंकवत राहिलो. फार उघड होऊ नये म्हणून अधूनमधून हरवतही होतो. हरणंही माझ्याच मर्जीचं होतं.

तुला संशय आला तो हमीदाबीकडं. दुपारी पाट घेऊन तू तिच्याकडं जायचीस तेव्हा उस्मान दान पुकारायचा आणि तिथं तू पुष्कळ हरायचीस. तू मला काही विचारलं नाहीस. एका संध्याकाळी खेळायला बसलो. मला सहा पुकारायचे होते, कारण सहा पडले असते तर तुझी चपटी सोंगटी घरात जाणार होती. दिवसभर ओरडून मी थकलेलो. तू परातीत कवड्या टाकल्यास, आवाज झाला, माझी नजर पाटावरच होती. मी म्हणालो, "सहा."

तू सोंगटी हलवली नाहीस. उजवी मूठ माझ्यापुढं धरून उघडलीस. तिच्यात तीन कवड्या होत्या.

"चारच टाकल्या म्या," तू म्हणालीस. "सहा कोठून आल्या?"

मी काय बोललो ते मला नीट आठवतं, आणि आठवू नये असं वाटतं. आधी म्हणालो, थकलो होतो, चूक झाली. मग म्हणालो, "तू खुश होत होती, म्हून."

"मी खुश नव्हती होऊन राहिली. मी जिंकून राहिली होती. ते येगळं हाय."

"काय येगळं हाय त्यात?"

"तुमी माह्यं जिंकनं खाल्लं. अन् हारनं बी खाल्लं. बाजारात तुमी खरं पुकारता, परक्या लोकांच्या कापसाले. अन् मले?"

तेव्हा मी चिडलो. माणूस पकडला गेला की चिडतो, तसा. म्हणालो, "दिवसभर मरमर करून तुह्यासंगं खेळाले बसतो, ते दिसत नाई तुले?"

तू म्हणालीस, "नाई. दिसत नाई."

पाट उचललास आणि दुसऱ्या दिवशी हमीदाबीकडं नेऊन ठेवलास. तो भांडणाचा धागा आपण पुन्हा कधी हातात घेतला नाही. माफ कर, एवढे दोन शब्द होते. दीड वर्ष मिळालं मला ते बोलायला. मी बोललो नाही, कारण मनातून मला अजून वाटत होतं की मी प्रेमानं केलं. आता वाटतं, तुला हसताना पाहायचं होतं ते मला, माझ्यासाठी. तुला दिसत नव्हतं, म्हणून ते स्वस्तात मिळत होतं.

तुम्ही दोघींनी मग पुकारणाऱ्या माणसाचं कामच ठेवलं नाही. उस्मानकडून लांबट चौकोनी फासे करून घेतले, ठिपक्यांच्या जागी खोल खड्डे कोरलेले. ते गुळगुळीत परातीत टाकले की बोट लागताच हलत होते. म्हणून हमीदाबीनं तबकात घोंगडीचा तुकडा बसवला. त्यावर फासा पडला की तिथंच रुतून राहायचा. वरून बोट टेकवायचं आणि मोजायचं. आधी खेळणाऱ्यानं, मग समोरच्यानं. कोणाला कोणावर विश्वास ठेवायची गरज नव्हती, आणि म्हणूनच असेल, तुमचा एकमेकींवर होता.

तू रोज दुपारी जायला लागलीस. उजवा हात भिंतीला लावून विहिरीपर्यंत ऐंशी पावलं, तिथून वळून साठ. गल्लीतल्या बायका बोलल्या, मुसलमानाच्या ओसरीवर जाऊन बसते म्हणून. तू तिच्या ओसरीच्या कोपऱ्यात आपला वेगळा माठ नेऊन ठेवलास, म्हणजे त्यांचं तोंड बंद. पुढं उन्हाळ्यात एकदा तो माठ फुटला, आणि नवा आणायचं तुझ्या लक्षात राहिलं नाही. मला ते माहीत होतं. मीही कोणाला बोललो नाही. तेवढी एक गोष्ट मी बरी केली.

बाजाराच्या दिवशी दर्यापूरकडून एक आंधळा म्हातारा येऊ लागला. मग भाजी विकणाऱ्या एका बाईची आंधळी सून. देवीनं आपल्या मुलखात किती डोळे नेले होते ते मला तुमच्या त्या ओसरीवर कळलं. तिथं आरडाओरडा व्हायचा, भांडणं व्हायची. त्या म्हाताऱ्यानं एकदा बोटानं फासा हळूच उलटवला आणि तू त्याचं मनगट धरलंस. "बाबा, आंधळ्याच्या डोळ्यांत धूळ टाकता काय?" तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मी दारात उभा होतो. तुला घ्यायला आलो होतो. तुम्ही कोणी मला पाहिलं नाही. मी तसाच मागं फिरलो.

एकदा तूच विचारलंस, गेल्या दिवाळीच्या सुमाराला. "बसता काय एक डाव? फाशानं." मी म्हणालो, दमलोय. दमलो नव्हतो. हरायची मला भीती वाटत नव्हती. मी खरोखर जिंकलो तर काय करायचं, याची वाटत होती.

दिवाळी झाली आणि कापूस सुरू झाला. यंदासारख्या गाड्या मी कधी पाहिल्या नाहीत. बाजारात मावेनात, म्हणून आपल्या गल्लीत येऊन उभ्या राहायच्या, भिंतीला खेटून, बैल जुंपलेले तसेच. वरूडकडचे, दर्यापूरकडचे गाडीवान, त्यांना काय ठाऊक की त्या भिंतीवर एका बाईची वाट आहे. तू दोनदा पडून घरी आलीस. कपाळाला खोक पडली. मी म्हणालो, हा हंगाम सरेपर्यंत जाऊ नकोस. तू म्हणालीस, "कापूस बाहेरून आला. मी काहून घरात बसू?" आणि थोड्या वेळानं, हळू आवाजात, "मले भिंतच सापडत नाई वो."

त्या दिवशी सकाळी मी निघताना तू म्हणालीस, "आज मले हमीदाबीच्या घरापर्यंत पोचवून द्या. गाड्या लय हायत." आंधळी झाल्यापासून तू मला कधी असं म्हणाली नव्हतीस. मी म्हणालो, "आता नाई जमत. दुपारी काट्यावरून येतो. तवरीक थांब."

तू थांबलीस. ऊन उंबरठ्यावरून आत येईपर्यंत थांबलीस, असं शेजारीण सांगते. मग काठी घेऊन निघालीस. विहिरीच्या वळणावर दोन गाड्यांच्या मधून भिंत शोधत होतीस. एका गाडीचे बैल कशानंतरी बिचकले आणि मागं रेटले. भरलेली गाडी मागं आली. तू चाक आणि भिंत यांच्या मधे होतीस. उस्माननं तुला बाहेर काढलं. तोच मला बोलवायला आला, आणि त्याच्या दोन्ही हातांवर कापसाची धूळ आणि रक्त एकत्र चिकटलेलं होतं.

तू दोन दिवस होतीस. वैद्यांनी बरगड्या चाचपल्या आणि मला खुणेनं बाहेर नेलं. मी आत आलो तर तू वाट पाहत होतीस.

"काय म्हनाले?"

मी बसलो.

"मी वाचते काय?"

सगुणा, मला शेळी आठवली. मला त्या चार कवड्या आठवल्या. मी स्वतःला म्हटलं, आता तरी नाही. या बाईनं तुझ्याकडून आयुष्यभर एकच गोष्ट मागितली आहे. मी तुझा हात धरला आणि म्हणालो, "नाई, सगुणा."

तू "बरं" म्हणालीस आणि तोंड भिंतीकडं केलंस. मी तिथंच बसून होतो आणि तुझ्या पाठीकडं पाहून मला कळेना, मी हे तुझ्यासाठी केलं की माझा जुना डाग धुवायला केलं. हा प्रश्न मी रोज घोळवतो आहे. तुला त्या दिवशी खरंच खरं हवं होतं का? की आयुष्यात एकदाच, त्या एका दुपारी, तू मला खोटं बोलायला वाव देत होतीस, आणि मला ते ओळखता आलं नाही?

दिवे लागले तेव्हा तू तोंड इकडं केलंस. मला वाटलं, पाणी हवं असेल. तू म्हणालीस,

"काशीच्या वक्ताले तुमी नऊ दिस कसे काढले वो? एकट्यानं?"

तीन वर्षांत हे कोणी मला विचारलं नव्हतं. मीही नाही. तू माझ्या तोंडावर हात फिरवलास, जसा पाटावर फिरवायचीस, सगळं कुठं आहे ते पाहत, हलू न देता.

दुसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत तू गेलीस.

आता मी गल्लीत उभा राहून गाडीवानांना सांगतो, भिंतीपासून दोन हात सोडून गाडी लावा. ते ऐकतात. तुझं ऐकून आहेत सगळे. काल बाजाराचा दिवस होता. मी दर्यापूरच्या म्हाताऱ्याला आणि त्या सुनेला हाताला धरून हमीदाबीच्या ओसरीवर नेलं. पाट तिथंच आहे. उस्मान आता दुसरा करतो आहे. अकोल्याच्या सराईतला तो गाडीवान आपल्या आंधळ्या भावासाठी मागून गेला. बाजारात पाटाचं ऐकून तो तुला शोधत आला होता. तुझं झालेलं त्याला ठाऊक नव्हतं. हमीदाबीनं मला बसायला सांगितलं. "बैस. पन तोंड बंद ठेव. इथं कोनी पुकारत नाई." मी बसलो. फासा टाकला, बोट टेकवलं, मोजलं. मग तिनं टेकवलं. तिचं बोट माझ्या बोटाला लागलं तेव्हा तिनं ते पटकन काढलं नाही. तीन डाव मी हरलो. तिनं तुझं नाव काढलं नाही, मीही नाही. उठताना फक्त म्हणाली, "पुढच्या बाजाराले ये."

लिहायचं थांबायला हवं, पण एक राहिलं आहे.

शेवटच्या दिवशी सकाळी, शुद्धीवर होतीस तेव्हा तू मला विचारलंस, "त्या दिशी काट्यावर लय गाड्या होत्या काय?"

मी म्हणालो, "हो. लय होत्या."

"मंग बरं," तू म्हणालीस.

काट्यावर गाड्या नव्हत्या, सगुणा. सकाळच्या तोलून झाल्या होत्या, गल्लीतल्यांचा सौदा अजून ठरायचा होता, वरूडच्या यायच्या होत्या. मी चिंचेच्या सावलीत चार जणांबरोबर बसलो होतो. कापूस अजून किती चढेल याच्या गप्पा चालल्या होत्या, आणि मला त्या ऐकायला बरं वाटत होतं. तुला यायचं कबूल केलं आहे हे माझ्या ध्यानात होतं. त्या चिंचेखालून आपलं दार दिसतं. तू दारात येऊन उभी राहिलीस, काठी हातात, मान थोडी वळवून, माझ्या पावलांचा आवाज येतो का ते ऐकत. किती तरी वेळ तू तशी उभी होतीस. हाक मारली असती तर तुला ऐकू आली असती. मी तुला पाहत होतो, आणि उठलो नाही.